साठा आणि ओघ

जेद्दाहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की आधी थुवल लागतं, मग किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी आणि त्यापुढे राबिग. थुवलला २००९ साली सुरू झालेलं किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. सगळे त्याला ‘काउस्ट’ म्हणतात. इकॉनॉमिक सिटीची घोषणा २००५ची. तिथल्या बंदरात २०१३पासून कंटेनर उतरू लागले. बंदरासमोर उघड्या समुद्रात तळ पटकन खोल जातो. सुमारे ७०० मीटर खोली असलेल्या तिथल्या एका जागी काउस्टच्या तांबडा समुद्र संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ, त्यांत प्रामुख्याने स्पेनचे शोसे आन्शेलू मोरान आणि त्यांचे सहकारी, बोट थांबवून वेगवेगळ्या थरांतलं पाणी वर काढत आले. कधी भर उन्हात, कधी मध्यरात्री. त्या पाण्यातले बॅक्टेरिया मोजायचे, हे त्यांचं काम.

पुढचा संवाद मी रचला आहे. मामा मालवणचे, बंदरात यार्ड प्लॅनिंग बघणारे. भाची समुद्री सूक्ष्मजीवांवर संशोधन करणारी. माणसं दोन्ही कल्पित. समुद्र, बंदर आणि आकडे खरे. कोकणात आज बंदर आणि समुद्र यांवर जो वाद चालला आहे, तो मला या दोघांच्या तोंडून ऐकायचा होता. एक जण समुद्रावर पोट भरणारा, दुसरी समुद्राकडे डोळे लावून बसलेली.

मामा : आपल्याकडे मालवणला पावसाळा सरला तरी गुडघाभर पाण्यात स्वतःचं पाऊल दिसत नाही. इथे बोटीवरून खालचा खडक मोजून घ्यावा. असं नितळ पाणी, ज्यात काही नाहीच, ते बाटल्यांत भरून तुम्ही काय शोधता?

भाची : नितळ आहे ते उपाशी आहे म्हणून, मामा. तांबड्या समुद्राला एकही बारमाही नदी मिळत नाही. पाऊस जवळजवळ नाही. वर्षाला साधारण दोन मीटर उंचीच्या पाण्याची वाफ होऊन जाते, आणि ती भरून काढायला एडनच्या आखातातून बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या वाटेने पाणी आत येतं. त्याच्याबरोबर येतील तेवढीच पोषकद्रव्यं. उत्तरेकडे सरकताना ती वाटेतच संपतात आणि खारेपणा वाढत जातो. आपल्या कोकणासमोर उलटं. पावसाळ्यात खालचं थंड, नायट्रेटने भरलेलं पाणी वर येतं, नद्या गाळ आणतात. तिथलं गढूळ पाणी भरल्या घरातलं आहे.

मामा : म्हणजे माझंच खरं झालं. इथे काही नाही.

भाची : एका मिलिलिटरमध्ये काही लाख बॅक्टेरिया आहेत. इतर समुद्रांत सर्रास पाच-दहा लाख सापडतात, इथे त्याहून कमी. विषाणू त्यांच्या कितीतरी पट. ‘काही नाही’ म्हणायला एवढी गर्दी जरा जास्तच आहे ना?

मामा : लाख काय नि कोटी काय, डोळ्यांना दिसत नाहीत. आणि तूच म्हणतेस, इतर समुद्रांपेक्षा कमी. मग कमी आहेत एवढं एकदा मोजलं, कागदावर लिहिलं, काम संपलं. दर महिन्याला बोट काढायची कशाला?

या प्रश्नाला थारा द्यायला हवा. संशोधनावर पैसे खर्च करणारं सरकार आणि कर भरणारा माणूस, दोघेही हेच विचारतात, आणि त्यांना उत्तर मिळायला हवं. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ हे उत्तर खरं असलं तरी बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला ते पुरत नाही. भाचीलाही ते माहीत असावं, कारण तिने तो रस्ता धरलाच नाही.

भाची : मामा, जागतिक बँकेने कंटेनर बंदरांची यादी काढली होती, २०२१ सालची. त्यात तुमचं बंदर पहिलं होतं. कशासाठी?

मामा : जहाज बंदरात किती वेळ अडकतं यावर ती यादी असते. आमच्याकडे जहाज लागलं की सुटलं. धक्क्यापाशी १८ मीटर खोली आहे, मोठ्यातलं मोठं जहाज थेट लागतं. आणि आम्ही यार्ड तुंबू देत नाही. बंदर भरलेलं दिसलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, धंदा जोरात आहे. तसं नसतं. माल पडून राहिला म्हणजे यार्ड भरतं. चांगल्या बंदरात यार्ड मोकळं दिसतं.

भाची : मग २०२३च्या अखेरीस येमेनच्या हुथींचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा यार्ड कसं होतं?

मामा : मोकळंच. पण ते दुःखाचं मोकळं.

भाची : दोन्ही दिवशी वरून फोटो काढला तर फरक कळला असता?

मामा : नसता कळला. रोज किती पेट्या आल्या आणि किती गेल्या, ते रजिस्टर उघडावं लागलं असतं.

भाची : आम्ही ते रजिस्टर उघडायला जातो.

मला या संवादातली सगळ्यात मोलाची जागा ही वाटते, म्हणून इथे जरा थांबतो. मोरान यांच्या गटाने या भागातल्या किनारी पाण्याचे नमुने ऋतूमागून ऋतू घेतले आणि २०१९ साली निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच होता: बॅक्टेरियांची संख्या कमी, वाढीचा वेग मात्र मोठा. संख्या कमी असण्याचं कारण ‘वाढत नाहीत’ हे नव्हतंच. त्यांना खाणारे एकपेशीय जीव आणि त्यांना फोडणारे विषाणू दिवसरात्र कामावर असतात. जेवढे जन्मतात जवळपास तेवढेच संपतात, आणि मोजदाद करणाऱ्याला रोज तोच तोकडा आकडा दिसतो.

वेग मोजायची रीत सोपी आहे, कष्टाची आहे. पाणी अतिशय बारीक गाळणीतून काढायचं, म्हणजे बॅक्टेरिया खाली उतरतात आणि त्यांचे भक्षक वर अडकतात. ते पाणी समुद्राच्याच तापमानाला ठेवायचं आणि काही तासांनी पुनःपुन्हा मोजायचं. मोजायला फ्लो सायटोमीटर असतो: डीएनएला चिकटणारा रंग घातलेली एकेक पेशी लेझरच्या झोतासमोरून जाते, चमकते आणि नोंदली जाते. भक्षक बाजूला केल्यावर काही प्रयोगांत बॅक्टेरिया दिवसभरात दुपटीच्याही पुढे गेले. जे पाणी बघून मामा ‘काही नाही’ म्हणाले, त्या पाण्यातली ही उलाढाल आहे.

मामा : बरं. समजलं. पण उलाढाल कसली? पेटीत माल असतो. यांच्या पेटीत काय?

भाची : कार्बन. वरच्या उजेडात शैवाल हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधतं. त्यातला बराच भाग पाण्यात विरघळून जातो. मासा तो खाऊ शकत नाही, बॅक्टेरिया खातात. बॅक्टेरियांना एकपेशीय जीव, त्यांना झूप्लँक्टन, म्हणजे तरंगणारे बारीक प्राणी, त्यांना मासा. विरघळून हातचं गेलेलं अन्न असं परत साखळीत येतं. लाहोरला शिकलेले फारूक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हे मांडलं, तोपर्यंत पुस्तकांत शैवाल–झूप्लँक्टन–मासा एवढीच सरळ ओळ असे. पण प्रत्येक हातबदलीत बराचसा कार्बन श्वासावाटे परत सुटतो. किती परत सुटतो आणि किती खाली जाऊन शेकडो वर्षं दडून राहतो, यावर हवेचं भवितव्य ठरतं. आणि ते या समुद्रात फार वेगळं ठरतं.

मामा : का?

भाची : अरबी समुद्रात दोन हजार मीटरवर पाणी दोन-तीन अंशांचं असतं. इथे तळापर्यंत एकवीस-बावीस. खालचा थर थंडच नाही. त्यामुळे वरून बुडणारं अन्न खाली जाता जाताच बॅक्टेरिया जाळून टाकतात. जग तापलं तर इतर समुद्र कुठल्या दिशेने सरकतील याचा थोडा अंदाज इथे आजच घेता येतो. आणि या तुमच्या बंदरासमोर अजून एक गोष्ट आहे. इथले छोटे दिवेवाले मासे दिवसा चार-पाचशे मीटर खोल, काळोखात असतात. अंधार पडला की झाडून सगळे वर येतात, खातात, उजाडायच्या आत खाली उतरतात. स्टाइन कार्टवेट आणि त्यांच्या गटाने प्रतिध्वनीच्या यंत्राने हे वर्षानुवर्षं टिपलं. वर खाल्लेलं ते खाली जाऊन टाकतात, आणि खालच्या बॅक्टेरियांना ताजा घास मिळतो. म्हणून रात्रीही बोट न्यावी लागते.

मामा थोडे हलले असावेत, कारण पुढचा प्रश्न विरोधाचा नव्हता. इथे समुद्राचं पाणी गोडं करून पितात, त्याबद्दल त्यांनी विचारलं. भाचीने सांगितलं की रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यांवर सगळ्यात आधी चिकटतात ते बॅक्टेरियाच. त्यांचा बुळबुळीत थर जमला की दाब वाढवावा लागतो आणि वीज जास्त जळते. २००८-०९मध्ये ओमान आणि अमिरातीच्या किनाऱ्यावर सूक्ष्म शैवालाचा लाल तवंग आला, तेव्हा गोडं पाणी करणारे कारखाने बंद ठेवायची वेळ आली होती. हा भाग इथेच सोडतो. उपयोग दाखवून संशोधनाची बाजू जिंकणं सोपं असतं. खरी कसोटी उपयोग हातात आल्यावर लागते.

मामा : मग मला सांग, एवढं कळतंय तर हात का चालवत नाही? मी वाचलंय, तुमच्याकडच्या बाईंनी प्रवाळांना बॅक्टेरिया द्यायचं औषध काढलंय.

भाची : राकेल पेशोतो. ब्राझीलच्या. प्रवाळाच्याच अंगावर राहणारे उपकारक बॅक्टेरिया वेगळे करायचे, वाढवायचे आणि परत प्रवाळाला द्यायचे. त्यांच्या गटाचा २०२१चा प्रयोग टाकीतला होता. पाणी तापवलं, तर बॅक्टेरिया दिलेल्या प्रवाळांत जगण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. मग काउस्टजवळच्या समुद्रातच पाण्याखाली प्रयोगाची जागा उभारली. तिथल्या प्रवाळांना तीन महिने, आठवड्यातून तीनदा डोस दिला. २०२४ साली निकाल छापला: प्रवाळाच्या अंगावरचे बॅक्टेरिया बदलले, आसपासच्या पाण्यात आणि वाळूत मात्र बदल दिसला नाही.

मामा : झालं तर! सोयाबीनच्या बियाण्याला आपले शेतकरी रायझोबियम चोळतात. राहुरीच्या विद्यापीठाची पाकिटं आणतात, पेरतात, मोकळे होतात. इथे एप्रिल २०२४मध्ये जगभरचे प्रवाळ पांढरे पडताहेत असं अमेरिकेच्या संस्थेने जाहीर केलं, चौथ्यांदा. मालवणच्या प्रवाळांतही ते झालंय. घर जळताना तुम्ही तीन महिने डोस मोजत बसणार?

भाची : शेताला बांध असतो, मामा. शिवाय समुद्रातला तो प्रयोग निरोगी प्रवाळांवर होता. औषध अंगी लागतं आणि बाहेर सांडत नाही, एवढं कळलं. तापात ते वाचवतं का, हा समुद्रातला प्रश्न वेगळा. थुवलसमोरचे प्रवाळ २०१०मध्ये पांढरे पडले, २०१५मध्ये परत. डुबकी मारून हाताने डोस देणारी माणसं किती, आणि तांबडा समुद्र दोन हजार किलोमीटरहून लांब. मला भीती आहे की हे औषध आहे म्हटल्यावर ताप उतरवायची निकड कुणाला वाटणार नाही.

मामा : ताप कशाने आहे ते मलाही कळतं. तेलाने. पण तुझी प्रयोगशाळा तेलाच्या पैशावर उभी आहे. तुझी बोट डिझेलवर जाते. तुझ्या नमुन्यांचा फ्रीज ज्या विजेवर चालतो ती कशावर होते? उद्या तेल थांबलं तर आधी तुझी मोजणी थांबेल.

भाची : हो. थांबेल.

मामा : मग?

भाची : मग आहे तोवर मोजायचं. तेलाच्या पैशाने तेलाचा हिशेब लिहिता येत असेल, तर तो लिहायला मी लाजणार नाही.

इथे मी मामांच्या बाजूला झुकतो, पूर्ण नाही. प्रवाळ मरत असताना ‘आधी पूर्ण समजू दे’ म्हणणं निष्ठुर आहे, आणि पेशोतो यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी टाकीतून समुद्रात उतरायचं धाडस केलं याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पण त्यांनी आजूबाजूची वाळू आणि पाणीही मोजलं, म्हणून ते धाडस ठरलं. न मोजता ओतलं असतं तर ते काय ठरलं असतं, हे वेगळं सांगायला नको. उपाय आणि मोजणी असे दोन पक्ष मुळात नाहीतच. कुठलाही उपाय पहिल्या दिवसापासून मोजणी सोबत घेऊन उतरला, तरच तो पुढे कुणाला शिकवू शकतो.

आणि अशा मोजणीचं मोल आपल्या किनाऱ्यावरही दिसतं. कोकणात हिवाळ्यातल्या काळोख्या रात्री लाट फुटताना निळी चमकते. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याचा हिरवा तवंग पसरतो आणि माशांच्या ओळखीचं शैवाल मागे पडतं. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी वीसेक वर्षं त्याचा पाठपुरावा केला. कारण खालून वर सरकणारं कमी प्राणवायूचं पाणी, की हिमालयाकडून येणाऱ्या वाऱ्यांचा बदललेला जोर, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तो वाद होऊ शकतो तोच मुळी कुणीतरी वर्षानुवर्षं पाणी भरून ठेवलं म्हणून.

भाची : मामा, वाढवणच्या नव्या बंदराबद्दल तुमचं काय मत?

मामा : व्हायलाच हवं. किनाऱ्याजवळ वीस मीटर नैसर्गिक खोली सगळीकडे मिळत नाही. २०२४च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींच्या वरचं काम आहे. आपली पोरं इथे वाळवंटात कशाला येतील मग?

भाची : १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढणार आहेत. दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध. डहाणू आणि सातपाटीचे मच्छीमार वर्षानुवर्षं विरोधात उभे आहेत. सातपाटीचं पापलेट सगळ्यांना माहीत आहे. ते पापलेट कशावर जगतं हे कुणी बघितलं?

मामा : अहवाल असतात की. पर्यावरणाचा अहवाल झाल्याशिवाय बंदर होत नाही. त्यात पाण्याचे तक्ते असतात. लिटरला इतक्या पेशी, इतका प्राणवायू.

भाची : यार्डाचा फोटो.

मामा काही बोलले नाहीत.

भाची : गोव्याला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर १९९७पासून एका ठरलेल्या जागी पाणी काढायला सुरुवात केली. दर पावसाळ्याच्या अखेरीस तिथे खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. मग बॅक्टेरिया नायट्रेटवर श्वास घेतात, आणि काही वेळा नायट्रस ऑक्साइड भरभरून सुटतो. सय्यद वजीह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये ‘नेचर’मध्ये हे दाखवलं, तेव्हा जगाला कळलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा उथळ भाग दर वर्षी असा गुदमरतो. तेच पाणी कुणी फक्त जानेवारीत काढलं असतं, तर तक्त्यात सगळं छान दिसलं असतं. वाढवणला बांध घातल्यावर पाण्याची ये-जा बदलेल. गाळ उपसल्यावर तळाशी दाबलेलं पाण्यात मिसळेल. वाईटच होईल असं मी म्हणत नाही. काय झालं ते सांगता यायला आधीचं वर्तन ठाऊक हवं, ऋतूमागून ऋतू. साठा नव्हे, ओघ.

मामा : किती वर्षं?

भाची : कांदोळीला दोन दशकांहून जास्त मोजलं.

मामा : बंदराचा आराखडा एवढा थांबत नाही, बाळा. मी तुझ्या बाजूने बोललो तरी थांबणार नाही. निविदा निघतात, व्याज चढतं.

भाची : थांबवा म्हणतच नाही. मच्छीमार म्हणतात, त्यांचा तो हक्क आहे. मी म्हणते, पहिला ड्रेजर समुद्रात उतरेल त्याच्या आधीच्या महिन्यात एक लहान बोट लावा. चार बाटल्या, एक गाळणी, दोन मुली. दर महिन्याला. पावसाळ्यात समुद्र खवळला तर दुसऱ्या दिवशी, पण चुकवायचं नाही. बंदर पूर्ण होऊन पन्नास वर्षं चालेल तोवर ती बोट चालली पाहिजे. आणि आकडे दर महिन्याला सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीत मराठीत लागले पाहिजेत, फक्त दिल्लीच्या फायलीत नाही.

मामा : पन्नास वर्षं? हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? संशोधनाचं खातं आमच्या प्रकल्पांत नसतं.

भाची : ड्रेजिंगच्या. गाळ उपसण्याच्या मोठ्या बिलात ही बोट दिसणारसुद्धा नाही.

मामा : दिसेल. ऑडिटरला सगळं दिसतं. ड्रेजिंगमध्ये टाकलं तर पहिल्या वर्षी संपेल. काम संपलं की खातं बंद. देखभालीच्या खात्यात टाकायला हवं. ते दर वर्षी भरावंच लागतं.